नुसतं टक्कल बघून बाल्ड आयबिस ठरवू नका

आयबिस म्हणजे शराटी, खाली वळलेल्या लांब चोचीचा पक्षी. त्याचं डोकं बोडकं दिसलं की आपण पाहिलेल्या पक्ष्यांच्या लिस्टमधे बाल्ड आयबिस टाकून मोकळे! साऊथ आफ्रिकेत मी तर त्याहून कमाल केली, लॉजच्या लॉनवर चोच खुपसणारा आयबिस बाल्ड म्हणून टाकला आणि पहाटे तोच "हा-हा-देदा" करत बोंबलला तेव्हा कळलं की हा हादेदा. त्याच्या डोक्यावर पिसं असतात, लांबून कळत नाही एवढंच, आणि गालावर फिकट पांढरी रेघ असते. बाल्ड आयबिस बऱ्यापैकी गप्प पक्षी.

बाल्ड आयबिस दोन, सदर्न आणि नॉर्दर्न, साऊथ आफ्रिकेतला तो सदर्न. खरा सदर्न बाल्ड म्हणजे डोक्यावर लाल टोपी, तोंड पांढुरकं, चोच आणि पाय लाल. खांद्याशी चिंचेने घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखी चमक, पण ढगाळ हवेत ती दिसतच नाही, सगळा पक्षी काळाच वाटतो, त्यामुळे जरा थांबा, ऊन येऊ द्या. पिल्लू असेल तर लाल टोपीच नसते, डोक्यावर राखाडी पिसं असतात, आणि मग लोक परत हादेदा लिहितात. आजूबाजूचे मोठे पक्षी बघा की!

जागा पण बघा. साऊथ आफ्रिका, लेसोथो, एस्वातिनी एवढंच याचं घर, उंचावरचं गवताळ रान, त्यातही नुकतं जळलेलं असेल तर किडे टिपायला थवाच उतरतो. घरटी कड्यांवर, म्हणून कोणी गिधाडही समजतं, पण ती खाली वळलेली चोच गिधाडाला कुठून येणार. (घरट्याचं नेमकं लोकेशन कुठेही टाकू नका प्लीज.)

नॉर्दर्न बाल्डशी घोळ फोटोंमधे होतो, कारण तो तिकडे मोरोक्कोत. त्याच्या मानेवर झिपऱ्या असतात, सदर्नला नसतात, संपलं. आययूसीएन या निसर्ग संवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत सदर्न व्हल्नरेबल आणि नॉर्दर्न त्याच्या वरच्या धोक्यात, एनडेंजर्ड, तेव्हा हे दोन शब्द अदलाबदल करून लिहू नका. आपला काळा शराटी तर वेगळ्याच जीनसचा (जवळच्या जातींच्या गटाचा), डोक्यावर लाल चट्टा असला तरी खांद्यावर पांढरा ठिपका असतो.

आणि जुन्या पुस्तकात आयबिस करकोच्यांच्या गणात सापडतील, आता ते पेलिकनच्या गणात आहेत, तेवढं बदलून घ्या. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तर 1758 मधे नॉर्दर्नला चक्क हुदहुद्याच्या जीनसमधे घातलं होतं, त्यापुढे माझा हादेदा काहीच नाही.