इंग्रजी शब्दांची आणि नावांची थाई रूपं कशी शोधावीत, कशी उलगडावीत

इंग्रजी शब्द थाई भाषेत गेला की त्याचं काय होतं हे पाहायला थाई बोलता यावं लागत नाही. लिपी वाचता आली तर उत्तमच, पण सुरुवातीला तीही नको. एक फोन, एक वही आणि शाळेपासून कानावर पडलेले संस्कृत शब्द एवढ्यावर काम सुरू होतं. थाई भाषेने इंग्रजीतल्या कितीतरी नव्या कल्पनांना पाली-संस्कृतातून नावं दिली आहेत. म्हणून हा अभ्यास करताना मराठी वाचक इंग्रजाच्या चार पावलं पुढे असतो, आणि या गोष्टीचा आपण पुरेसा फायदा घेत नाही असं मला मनापासून वाटतं.

पायरी १: थाई रूप मिळवा

विकिपीडियावर त्या विषयाचा इंग्रजी लेख उघडा आणि भाषांच्या यादीतून थाई निवडा. उघडलेल्या लेखाचं शीर्षक हेच तुमचं थाई रूप. यंत्राकडून भाषांतर करून घेण्यापेक्षा हा रस्ता चांगला, कारण शीर्षक माणसांनी ठरवलेलं असतं आणि विशेषनामांचा गोंधळ कमी होतो. मग तोच शब्द विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशात टाका. तिथे उच्चार मिळतो आणि बऱ्याचदा व्युत्पत्तीही मिळते. ‘अक्षरमुख’ नावाचं लिपी बदलणारं मोफत साधन आहे. त्यात थाई शब्द टाकून देवनागरी रूप काढता येतं. मात्र त्यातून कळतं ते लिखाण, उच्चार नव्हे.

वहीत चार रकाने आखा: इंग्रजी शब्द, थाई रूप, उच्चार, मूळ. उच्चार देवनागरीतच लिहा. थाई भाषा प आणि फ, त आणि थ, क आणि ख, च आणि छ यांत आपल्यासारखाच काटेकोर भेद करते. रोमन लिपीत तो धूसर होतो, देवनागरीत जसाच्या तसा उतरतो. इंग्रजी धाटणीचा दातओठांचा फ थाईत वेगळा आहे. त्याच्याखाली वहीत एक टिंब दिलं की झालं.

पायरी २: शब्द कोणत्या वाटेने आला ते ठरवा

तीन वाटा आहेत. पहिली, इंग्रजी उच्चारच थाई अक्षरांत लिहायचा. याला थाईत ‘थपसप’ म्हणतात, आणि त्यातला ‘सप’ म्हणजे आपला ‘शब्द’. दुसरी, पाली-संस्कृत धातूंतून नवा शब्द घडवायचा. तिसरी, रोजच्या बोलीतले शब्द जोडून काम भागवायचं. या तिसऱ्या वाटेवर रेफ्रिजरेटर हा ‘तू येन’ होतो, म्हणजे थंड कपाट. बर्फ ‘नाम खॅंग’, म्हणजे कडक पाणी. रेल्वे ‘रोत फाइ’. यातला रोत म्हणजे रथ आणि फाइ म्हणजे आग. आपली आगगाडी तीच.

तिसऱ्या वाटेचे शब्द उकलायला सोपे असतात, कोशात दोन तुकडे पाहिले की संपलं. खरी मेहनत पहिल्या दोन वाटांवर आहे.

पायरी ३: उच्चारावरून घेतलेली नावं सोडवा

थाईत शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटी फार थोडी व्यंजनं उच्चारली जातात: क, त, प, ङ, न, म, आणि शिवाय य-वचे निसटते उच्चार. त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या शेवटी काहीही असो, ते या चौकटीत बसवावं लागतं. ल असेल तर न होतो. स, श, च, ज, द हे सगळे त होतात. ब आणि फ यांचा प होतो. एवढा एक नियम पाठ केला की निम्मी नावं सुटतात.

फुटबॉल होतो ‘फुतबॉन’. ऑफिस ‘ऑपफित’. जॉर्ज हा ‘चॉत’, कारण थाईत ज नाही, सुरुवातीचा ज च होतो आणि शेवटचा त. मायकल ‘माइखऽन’. केंब्रिज ‘खेमब्रित’. ग हा उच्चारही नसल्यामुळे गूगल ‘कूकऽन’ होतं. श नाही, म्हणून शाम्पू ‘छॅम्फू’. व्हीचा उच्चार व होतो, झेडचा स. शब्दाच्या आरंभी ‘स’ला चिकटून दुसरं व्यंजन आलं, की मध्ये एक हलका अ शिरतो.

इथे एक गोष्ट लक्षात येईल. आपण कॉम्प्युटर क आणि प घालून लिहितो, थाई माणूस ‘खॉमफ्यूतऽ’ म्हणतो. इंग्रज बोलताना शब्दाच्या किंवा जोर दिलेल्या अक्षराच्या आरंभी क, प, ट यांच्याबरोबर हवेचा झोत सोडतो. थाई कानाने तो झोत टिपला आणि ख, फ लिहिले.

लिहिलेल्या रूपात मात्र मूळ इंग्रजी अक्षरं बरीचशी जपलेली असतात. जे अक्षर बोलायचं नाही, त्याच्या डोक्यावर एक छोटंसं वळण काढतात. त्याचं नाव ‘थन्थखात’, म्हणजे दंडघात. आपल्या हलन्ताने व्यंजनातला फक्त स्वर जातो, या चिन्हाने अख्खं अक्षर मुकं होतं. ‘फिल्म’चा उच्चार ‘फिम’, पण ल लिहिलेला असतो, डोक्यावर दंड घेऊन. ‘कॉम्प्युटर’मधला शेवटचा र तसाच. तेव्हा नाव ओळखू येईना, तर हे वळण शोधा. त्याखालचं अक्षर मूळ शब्दाकडे बोट दाखवतं.

सुरांचं काय? थाईत आवाजाच्या चढउतारावरून शब्दाचा अर्थ बदलतो. असे पाच सूर आहेत, पण इंग्रजीतून उच्चारावरून घेतलेल्या शब्दांवर सुरांची चिन्हं सहसा देत नाहीत. भाषेचे नियम आणि अधिकृत कोश ठरवणाऱ्या थाई राजपंडित सभेच्या १९८९च्या नियमांचं धोरण तेच आहे. म्हणजे लिखाणावरून सूर कळत नाही, ऐकूनच शिकावा लागतो. २०१२ साली १७६ इंग्रजी शब्दांचं लेखन उच्चारानुसार बदलावं असा प्रस्ताव आला होता. त्याला इतका विरोध झाला की तो बारगळला. ज्यांना ऱ्हस्व-दीर्घावरून होणारे वाद माहीत आहेत, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

सरावासाठी माणसांची टोपणनावं फार छान. थायलंडमध्ये लांबलचक औपचारिक नावाबरोबर घरचं छोटं नाव असतं, आणि आता ते पुष्कळदा इंग्रजी असतं: गोल्फ, बँक, फिल्म, आइस, बॉस. गोल्फला हाक मारतात ‘कॉप’, बॉसला ‘बॉत’, आइसला नुसतं ‘आइ’. वरचे नियम लावून पाहा, प्रत्येक नाव बरोबर बसतं.

पायरी ४: घडवलेले शब्द मागे न्या

हा या सगळ्यातला सर्वांत श्रीमंत भाग, इथे सावकाश चला. थाई लिपीत संस्कृत शब्दाची अक्षरं बहुतेक जशीच्या तशी राहतात, जीभ मात्र त्यांना थाई वळण देते. ते वळण उलटं फिरवायचं.

लिहिलेला द किंवा ध बोलताना थ होतो. ग, घ यांचा ख, ब, भ यांचा फ, ज चा छ. श, ष, स तिन्ही स. व कधी व राहतो, तर कधी फ होतो. उलट संस्कृतातला त पुष्कळदा द होतो आणि प चा ब. शेवटचे ल आणि र न होतात. बंद अक्षरातला अ बऱ्याचदा ओ होतो. म्हणून नगर होतं ‘नखोन’, आणि न्यूयॉर्क शहर ‘नखोन निउ यॉक’. बँकॉकच्या विमानतळाचं नाव लिहिताना सुवर्णभूमि आणि बोलताना ‘सुवन्नफूम’ असतं, तेही याच कारणाने.

एक शब्द शेवटपर्यंत नेऊन पाहू. इंग्रजी डिक्शनरीला थाईत ‘फोतचनानुक्रोम’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तर काही बोध होत नाही. आता शेवटाकडून सुरू करा. ‘क्रोम’मधला ओ काढून अ घाला: क्रम. त्याच्या आधी ‘आनु’ दिसतं, म्हणजे संधी झालेला ‘अनु’: अनुक्रम. उरलं ‘फोतचन’. फ च्या जागी व, ओ च्या जागी अ, बंद अक्षरातल्या त च्या जागी पुढचाच च: वचन. वचनानुक्रम! शब्दांचा क्रम लावलेला ग्रंथ. एन्सायक्लोपीडिया त्याच रीतीने ‘सारानुक्रोम’, सारानुक्रम.

आता झपाट्याने काही: टेलिफोन ‘थोरसप’, म्हणजे दूरशब्द. आपण दूरध्वनी केला, त्यांनी दूरशब्द. टेलिव्हिजन ‘थोरथत’, त्याच दूरपासून, दर्शनाच्या अंगाने. बँक ‘थनाखान’, धनागार. म्युझियम ‘फिफित्थफन’, विविध भांड, आणि हा ‘भांड’ म्हणजे जुन्या अर्थाने माल, वस्तू. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी ‘थेफी सेरीफाप’: थेफी ही देवी, सेरी हा पालीतला ‘स्वतंत्र’, फाप म्हणजे भाव. अमेरिकेच्या नावातलं युनायटेड स्टेट्स ‘सहरत’, सह अधिक राष्ट्र. सिनेमातला स्टार ‘दारा’, आणि तारा शब्दातला त द कसा झाला ते वर आलंच आहे.

ऑटोमॅटिकसाठीचा शब्द मला सगळ्यांत आवडतो: ‘अत्तनोमत’. पालीत अत्तनोमति म्हणजे स्वतःचं मत. अर्थ आपापलं चालण्याकडे झुकतो आणि ध्वनी थेट इंग्रजी शब्दाजवळ जातो. एकाच शब्दात दोन्ही वाटा भेटल्या.

हे शब्द आपोआप उगवलेले नाहीत. राजपुत्र वान वैथयाकोन हे मुत्सद्दी होते, १९५६-५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष होते, आणि आधुनिक थाईतले कितीतरी शब्द त्यांनी घडवले. कल्चरसाठीचा ‘वत्थनथम’ त्यांचाच, वर्धन आणि धर्म जोडून केलेला. इंग्रजी महिन्यांची नावं राजपुत्र देववोंग यांनी राशींवरून बांधली, ती १८८९ साली अमलात आली. जानेवारी ‘मकराखोम’, म्हणजे मकर अधिक आगम. आपली मकरसंक्रांत जानेवारीतच येते, तेव्हा लक्षात ठेवायला वेगळे कष्ट नकोत. एकतीस दिवसांचे महिने ‘खोम’ने संपतात, तीस दिवसांचे ‘योन’ने, म्हणजे अयनाने. फेब्रुवारी तेवढा ‘कुम्फाफन’, कुंभ आणि बंध. बारा राशी येत असतील तर बारा महिने एका बैठकीत पाठ होतात.

पायरी ५: ओळखीच्या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका

मूळ सापडलं म्हणजे अर्थ सापडला असं नाही. ‘महावित्थयालै’ हे युनिव्हर्सिटीचं रूप आहे, कॉलेजचं नव्हे. ‘वित्थयु’ विद्युत्‌पासून आला, पण तो रेडिओ. ‘प्रथेत’ म्हणजे प्रदेश नाही, देश. ‘संखोम’ संगमातून निघाला आणि सोसायटी झाला, समाज या अर्थी. ‘उत्साहकम’ म्हणजे उत्साहकर्म, त्याचा अर्थ इंडस्ट्री, उद्योगधंदा. प्रत्येक वेळी अर्थाचा रकाना इंग्रजी शब्दाकडून भरा, संस्कृताकडून नव्हे.

एकाच इंग्रजी शब्दाची दोन रूपं भेटली, तर दोन्ही नोंदवा. बँकेची इमारत ‘थनाखान’, पण खिशातली नोट ‘बॅंग’. ग्लोबलायझेशनसाठी १९९०च्या दशकात ‘लोकानुवत’ आणि ‘लोकाफिवत’ असे दोन शब्द चालत होते. पहिल्यात जगाच्या मागे जाणं आहे, दुसऱ्यात जगाकडे वळणं. पुढे दुसरा रूढ झाला. कॉम्प्युटरला ‘खनितकोन’ असाही शब्द आहे, गणित आणि करण यांचा. तो कोशात सापडेल, दुकानात कोणी बोलत नाही.

पायरी ६: टोपणनावांत शिरा

इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांची थाई नावं जरूर पाहा. क्रीडापानांवर ‘लिवऽफून’पेक्षा ‘होंग दॅंग’ हे नाव जास्त रंगतं, म्हणजे लाल हंस. लिव्हरपूलच्या चिन्हातला पक्षी थाई डोळ्यांना हंस दिसला. मँचेस्टर युनायटेडचे डेव्हिल्स झाले ‘पिसात दॅंग’, लाल पिशाच. न्यूकॅसलच्या काळ्यापांढऱ्या मॅगपाय पक्ष्याला नाव मिळालं ‘सालिका दोंग’, आणि ही सालिका म्हणजे संस्कृत सारिका, आपली साळुंकी. लेस्टरचे कोल्हे ‘सयाम’चे कोल्हे ठरले, कारण २०१० पासून क्लबाची मालकी थाई हातांत आहे.

पायरी ७: पडताळा घ्या

शेवटचा शब्द थाई राजपंडित सभेच्या कोशाचा. तिचं नाव राजपंडित, सभा अशा तुकड्यांत तुम्हाला आता वाचता येईल. थाई पुस्तकांवरचं साल बुद्धवर्षात असतं, त्यातून ५४३ वजा करा. २५५४ची आवृत्ती म्हणजे २०११. इंग्रजी-थाई कोशांत सॉ सेथापुत्र यांच्या कोशाचं स्थान मोठं आहे. राजनिष्ठांच्या १९३३च्या फसलेल्या बंडानंतर ते राजकीय कैदी झाले आणि बँकॉकजवळच्या बांग ख्वांग तुरुंगात त्यांनी हा कोश रचला. पानं बाहेर जात राहिली आणि कोश भागाभागाने छापला गेला. जन्मठेपेत बसून एकेका इंग्रजी शब्दाला थाई शब्द शोधणाऱ्या या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. त्यांचा कोश उघडताना हे माहीत असावं.

सरावाला ग्रह घ्या. ताऱ्याला आणि ग्रहाला थाईत ‘दाव’ म्हणतात. मर्क्युरी ‘दाव फुत’, व्हीनस ‘दाव सुक’, मार्स ‘दाव अंखान’, ज्युपिटर ‘दाव फरुहत्सबोदी’. हे चारही वरच्या नियमांनी सोडवा. ज्युपिटरमधला ‘बोदी’ कुठून आला ते कळलं, की प चा ब होण्याचा नियम पक्का झाला. मग युरेनसकडे वळा. त्याचा शोध १७८१ साली लागला, म्हणून जुन्या परंपरेत त्याला नाव नव्हतं. थाईत त्याला उच्चारावरून घेतलेलं ‘यूरेनत’ आहेच, पण दुसरंही एक नाव आहे: ‘दाव मरुत्तयू’. ते तुम्हीच सोडवा.