सर्व्हर नेमका कुठे अडला? पोस्ट कोडच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

नागपुरातून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर करून निघालेली मुलं अधूनमधून विचारतात, "दादा, बीएमसीचं काम शिकायचं तर सुरुवात कुठून करू?" आपल्याकडे आयटी म्हटलं की वेब, ॲप, टेस्टिंग एवढंच डोळ्यांसमोर येतं. सर्व्हरच्या मदरबोर्डवर आणखी एक छोटा, स्वतंत्र कॉम्प्युटर बसलेला असतो, हे कॉलेजात कोणी सांगत नाही. मुख्य प्रोसेसर बंद असला तरी तो स्टँडबाय विजेवर जागा असतो. पंखे, तापमान, व्होल्टेज बघणं आणि दुरून सर्व्हर चालू-बंद करणं ही त्याची कामं. तोच बीएमसी, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर.

माझं उत्तर ठरलेलं आहे. सगळं एकदम वाचायला जाऊ नका. एक बाइट धरा आणि तो शेवटी कुठे पोचतो ते बघा. तो बाइट म्हणजे पोस्ट कोड: चालू होताना सर्व्हर स्वतःची तपासणी करतो (पॉवर-ऑन सेल्फ-टेस्ट, म्हणजे पोस्ट), तेव्हा टप्प्याटप्प्याला लिहिला जाणारा आकडा.

एक्स८६ (इंटेल-एएमडी धाटणीचा) सर्व्हर चालू झाला की बायोस, म्हणजे सर्वात आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, प्रत्येक टप्प्यावर पोर्ट ८० या ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहितो. (हा ८० हेक्समधला, हे लक्षात ठेवा.) ही पद्धत आयबीएमच्या १९८४च्या पीसी-एटीपासून चालत आली आहे. दुरुस्तीवाले स्लॉटमध्ये पोस्ट कार्ड घालून त्यावरचे दोन आकडे वाचायचे. जुना, पीसीआय स्लॉटचा मदरबोर्ड आणि असं एक कार्ड मिळालं तर जरूर घ्या. रॅम काढून मशीन चालू केलं की कोड कुठे थांबतो हे एकदा स्वतः बघण्यासारखं आहे.

डेटा सेंटरमध्ये मात्र हजारो सर्व्हरांपुढे कार्ड घेऊन कोण उभं राहणार? म्हणून ते ऐकण्याचं काम बीएमसीकडे आलं. ॲस्पीड कंपनीच्या बीएमसी चिपमध्ये त्यासाठी स्नूप नावाचं हार्डवेअर असतं. होस्टने (म्हणजे मुख्य सर्व्हरने) एलपीसी किंवा ईएसपीआय बसवरून पोर्ट ८० वर लिहिलं की चिप त्याची नक्कल पकडते आणि इंटरप्ट देते. लिनक्समधला ड्रायव्हर तो बाइट रांगेत टाकतो आणि एका डिव्हाइस फाइलमधून वर देतो. ओपनबीएमसी या बीएमसीसाठीच्या ओपन सोर्स लिनक्समध्ये फॉस्फर-होस्ट-पोस्टडी ही सेवा ती फाइल वाचून कोड डी-बसवर (सेवा एकमेकांशी बोलतात त्या वाटेवर) मांडते. फॉस्फर-पोस्ट-कोड-मॅनेजर प्रत्येक बूटचा इतिहास वेळेसकट साठवतो. शेवटी बीएमसीवेब हा वेब सर्व्हर तो रेडफिशमधून (सर्व्हर सांभाळण्याच्या प्रमाणित एपीआयमधून) बाहेर देतो, म्हणजे साध्या एचटीटीपीएस विनंतीला जेसनमध्ये उत्तर. एवढ्या एका वाटेवर डिव्हाइस ट्री, कर्नल ड्रायव्हर, सिस्टमडी, सी++, डी-बस आणि वेब एपीआय अशा सगळ्यांची ओळख होते. कुठल्याही कोर्सच्या यादीपेक्षा मला हा क्रम बरा वाटतो, कारण पुढचं पाऊल का हवं ते मागचंच पाऊल सांगतं.

आता कोड वाचण्याबद्दल, कारण नवशिके इथेच फसतात. "दादा, सर्व्हर ९२ वर हँग होऊन राहिला, म्हणजे ९२ खराब ना?" असं नाही बे! नरखेडहून गाडी सुटल्याची खबर आली आणि पांढुर्ण्याला ती पोचलीच नाही, तर बिघाड नरखेड स्टेशनात शोधायचा नसतो. कोड बहुधा टप्पा सुरू होताना लिहिला जातो. एएमआयच्या ॲप्टिओ बायोसमध्ये ९२ म्हणजे पीसीआय बसची तयारी सुरू झाली. ती कोणत्या कार्डापाशी अडली हे त्या बाइटमध्ये नसतं. त्याच बायोसमध्ये ५५ मात्र सरळ बिघाडाचा कोड आहे, मेमरी बसवलेली नाही असं सांगणारा. दुसऱ्या कंपनीच्या बायोसमध्ये हेच आकडे वेगळं काही सांगतील, म्हणून तक्ता त्या बोर्डाचाच हवा. आणखी एक: त्या वेळी बीएमसी स्वतःच रीबूट होत असेल तर मधले कोड गळतात. इतिहासात खंड दिसला की आधी बीएमसीचा स्वतःचा लॉग बघा, मग बायोसवाल्यांना फोन लावा.

आर्म प्रोसेसरच्या सर्व्हरवर पोर्ट ८० नसतो. तिथे आर्मच्या एसबीएमआर या नियमावलीप्रमाणे होस्ट आयपीएमआयच्या (होस्ट आणि बीएमसी यांच्या बोलण्याच्या प्रमाणित भाषेच्या) एका आदेशाने ९ बाइट पाठवतो: ४ बाइट प्रकाराचे, ४ मूल्याचे आणि १ इन्स्टन्सचा. प्रकार आणि मूल्य यूईएफआयच्या (बायोसच्या नव्या पद्धतीच्या) स्टेटस कोडमधून येतात. रेडफिशमध्ये बूट प्रोग्रेस नावाची वाचायला सोपी नोंदही आहे. मेमरीची तयारी सुरू, पीसीआयची वाटणी सुरू, ऑपरेटिंग सिस्टम चालू, अशा मोजक्या अवस्था तिच्यात येतात. हजारो सर्व्हर सांभाळणाऱ्याला ती पुरते. डिबग करणाऱ्याला पुरत नाही. नुसती अवस्था दाखवून कच्चा कोड लपवणारा डॅशबोर्ड मला अजिबात पटत नाही.

सरावाला सर्व्हर लागत नाही, क्यूईएमयू (लॅपटॉपवर नकली मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) पुरतो. ओपनबीएमसी २०१८ पासून लिनक्स फाउंडेशनचा प्रकल्प आहे, आणि रोम्युलस बोर्डाची तयार इमेज मिळते. स्वतः योक्टो (इमेज तयार करायचं साधन) वापरून बिल्ड करायचं असेल तर डिस्क मोकळी ठेवा आणि रात्री लावा. मे महिन्यात नागपुरात दुपारी लॅपटॉपवर बिल्ड लावणं म्हणजे त्याच्यावर अत्याचार! लॉगिनला रूट. ठरलेल्या पासवर्डातलं पहिलं अक्षर इंग्रजी ओ नाही, शून्य आहे. क्यूईएमयूमध्ये होस्ट नसल्याने खरे कोड येणार नाहीत, पण बसकटीएल या कमांडने डी-बसचं झाड फिरून बघता येतं आणि कर्ल या कमांडने रेडफिश विचारता येतं. वर सांगितलेल्या सेवांचा सोर्स शेजारी उघडा ठेवा. पॅच द्यायचा झाला तर आधी योगदान करारावर सही लागते, मग गेरिट या कोड तपासणीच्या साइटवर रिव्ह्यू. तिथल्या शेऱ्यांत गोडवा नसतो. मनावर घेऊ नका, पुढचा पॅचसेट टाका.

नोकऱ्यांचं खरं सांगायचं तर बहुतेक बंगळूर-हैदराबादकडे. बोर्ड लॅबमध्ये आणि आपण धरमपेठेत, असंही काम होतं, सिरियल कन्सोल आणि पॉवर नेटवर्कवरून हाती असेल तर. फक्त चुकीची इमेज टाकून बीएमसी मेला की तिथल्या कोणाला तरी हाताने फ्लॅश करावं लागतं. त्यामुळे लॅबमधल्या माणसाशी बोलणं-चालणं चांगलं ठेवा, आणि इमेज टाकण्याआधी त्याला विचारून घ्या की आज तो आहे ना.