क्रोम अल्टरनेटर बदलताना या चुका टाळा

बॅटरीचा लाल दिवा लागला की लोक थेट पाना हातात घेतात. आधी मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. हे दोन आकडे माहीत नसताना अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) उतरवणं मला अजिबात पटत नाही.

क्रोमचा मुलामा दिलेल्या अल्टरनेटरच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे अर्थिंगचा विसर. बहुतेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला निगेटिव्हची वेगळी वायर नसते. त्याची बॉडी, ब्रॅकेट आणि इंजिन ब्लॉक हाच परतीचा रस्ता. क्रोममधून वीज जाते, पण चमक टिकावी म्हणून मारलेल्या लॅकरमधून, ब्रॅकेटच्या पावडर कोटिंगमधून किंवा ब्लॉकच्या रंगातून जात नाही.

अशीच एक जुनी कॉर्व्हेट माझ्याकडे आली होती. इंजिन आरशासारखं चकचकीत, अल्टरनेटर क्रोमचा, ब्रॅकेट नवे कोटिंग केलेले. मालकाचे दोन अल्टरनेटर आणि एक बॅटरी बदलून झाली होती, तरी हेडलाइट लावले की चार्जिंग पडायचं. अल्टरनेटरच्या मागच्या स्टडपासून (जिथे चार्जिंगची वायर जोडतात) त्याच्याच बॉडीपर्यंत मोजलं तर १४.४ व्होल्ट. बॅटरीवर मात्र जेमतेम १३. मग मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली. दिवे चालू असताना तिथेच सव्वा व्होल्टच्या वर घट! हा आकडा ०.२ च्या आत असायला हवा. अल्टरनेटरमधला व्होल्टेज ठरवणारा रेग्युलेटर स्वतःच्या बॉडीच्या हिशोबाने व्होल्टेज मोजत होता, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. शिवाय कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची, म्हणजे पत्र्यातून अर्थिंग मिळण्याचा प्रश्नच नाही. ब्रॅकेटची मागची बाजू खरवडली, अल्टरनेटरच्या बॉडीवरून ब्लॉकला एक जाड वायर टाकली आणि काम झालं. आधी काढून ठेवलेले दोन्ही अल्टरनेटर बेंचवर तपासले, दोन्ही ठणठणीत निघाले.

तेव्हापासून क्रोमचा अल्टरनेटर बसवताना ही वेगळी वायर मी टाकतोच, गरज असो वा नसो. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासायची, दातेरी वॉशर घालायचा, कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. बाहेरून काहीही दिसत नाही, चमक जशीच्या तशी राहते.

दुसरी चूक पाहिली की माझा संताप होतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल उपटायची आणि गाडी बंद पडली नाही म्हणजे अल्टरनेटर चांगला! ही डायनॅमोच्या काळातली सवय. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळतं. ते डायोड जाळतं, रेग्युलेटर जाळतं, गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असेल तर तोही जातो. म्हणजे चांगला अल्टरनेटर तपासता तपासता मारला. दहा सेकंदांत मीटर तेच सांगतो, मग ही घाई कशासाठी?

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, कायम. मागच्या स्टडवरची वायर थेट बॅटरीकडून येते, तिथे पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते आणि क्रोमवर कायमचा डाग पडतो.

साठच्या दशकातल्या गाडीला १०० अँपिअरचा अल्टरनेटर लावून चार्जिंगची वायर जुनीच ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. वायर जाड करा आणि तिला साजेशी फ्यूज लिंक बसवा.

एक-वायरवाला अल्टरनेटर स्टार्ट केल्या केल्या चार्ज करत नाही म्हणून परत करणारे पुष्कळ आहेत. त्याला जागं व्हायला एकदा रेस द्यावी लागते. तीन-वायरवाल्यात डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा उडाला तरी चार्जिंग सुरू न होण्याची शक्यता असते, कारण सुरुवातीचा करंट त्याच दिव्यातून येतो. म्हणून तिथे विचार न करता एलईडी लावू नका.

क्रोम चमकवायला स्टील वूल वापरू नका. त्याचे तंतू जाळीतून आत गेले की शॉर्ट. ओलं फडकं पुरतं.

पूर्ण बसलेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेऊ नका, आधी चार्जरवर लावा.

बेल्ट ताणायला अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला टॉमी (लोखंडी दांडा) लावणं बंद करा. तिथे डायोड असतात, आणि क्रोमखालचं ॲल्युमिनियम तडकतं. मी लाकडी दांडा वापरतो, तोही पुढच्या कास्टिंगला टेकवून. आधी दोन्ही पुली एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघतो. व्ही-बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला की पुरे. याहून जास्त ताणला तर बेअरिंग ओरडायला लागतं. नवा बेल्ट थोडा सैल पडतोच, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर इंजिन गार असताना ताण पुन्हा बघा आणि त्याच वेळी बॅटरीवरचे व्होल्टही मोजून घ्या.