हरभरा फुलतोय, कोतवालाला बसायला काठी द्या

भात घरात आलं. बेळगावजवळच्या येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात आता मसूर आणि हरभरा फुलावर येतील. फुलामागोमाग घाटे पोखरणारी घाटेअळी आलीच. पंप खांद्याला लावण्याआधी रानात पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायच्या काठ्या रोवा.

खर्च जवळजवळ नाहीच. बांबूला वर आडवी काठी बांधायची, पिकाच्या वर दीड-दोन फूट राहील अशी. एकरी 20 पुरेत. घाटेअळीचा पतंग दिवस मावळल्यावर अंडी घालायला निघतो आणि कोतवाल हा किडे खाणारा काळा पक्षीही पार अंधार पडेपर्यंत शिकार सोडत नाही. म्हणून थांबा बांधाला नको, पिकाच्या मधोमध हवा. साळुंक्या आणि गायबगळे खाली उतरून अळ्या वेचतात. तरीही दर आठवड्याला ओळी बघा. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या सापडू लागल्या, तर फवारणीला पर्याय नाही.

रात्री त्याच काठीवर पिंगळा किंवा गव्हाणी घुबड येऊन बसतं. भाताच्या बांधात बिळं करून राहिलेले उंदीर हेच त्याचं खाणं. घुबड दिसलं की अपशकुन म्हणून दगड मारणारे अजून आहेत, याचं फार वाईट वाटतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी तो आपल्या रानाचा फुकटचा राखणदार आहे. विषारी आमिष वापरायचंच असेल तर बिळात खोल घालून तोंड बुजवा आणि मेलेले उंदीर पुरून टाका. उघड्यावर पडलेला उंदीर घुबडानं खाल्ला तर तेही जातं. बांधावरचं पोकळ झालेलं जुनं झाडही राहू द्या, पिंगळ्याचं घर त्या ढोलीत असतं.

चिकोडी, अथणीकडच्या शाळूवाल्यांनी (रब्बी ज्वारीवाल्यांनी) मात्र हे जसंच्या तसं करू नये. कणसात दूध भरलं की रानात एकही काठी नको. मध्य आशियातून हिवाळ्याला येणाऱ्या भोरड्या (गुलाबी मैना) टोळधाडीचे किडे खाण्यात पटाईत, पण आपल्याकडे त्यांचे थवे कणसांवरच पडतात. सकाळी आणि उन्हं उतरताना राखण ठेवा. गोफण, डबा, चमकती फीत यांवर भागवा. बारीक नायलॉनची जाळी लावू नका, रात्री तिच्यात घुबडं अडकून मरतात.

हरभऱ्यातले थांबेही घाटे भरू लागले की उपटून घ्या, नाहीतर पोपट त्यावर येऊन बसतील.