पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलची बॅटरी

जून ते सप्टेंबर गाडी कव्हर घालून उभी ठेवणार असाल, तर बॅटरीचं काम गाडी झाकायच्या आधी उरका. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की खराब होते. चार्ज कमी होतो तसं प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. लवकर चार्ज केलं तर ते निघून जातं. तसंच राहू दिलं तर त्याचे कडक खडे बनतात आणि मग चार्जर लावूनही बॅटरीची ताकद पूर्ण परत येत नाही.

चार्ज दोन वाटांनी जातो. बॅटरी मुळात स्वतःहूनच हळूहळू उतरते, आणि उकाड्यात जास्त वेगाने. दुसरी वाट गाडीतली: चावी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, जीपीएस ट्रॅकर करंट ओढतच असतात. ट्रॅकरचे १० मिलीॲम्पिअर किरकोळ वाटतात, पण महिन्याला ते ७.२ ॲम्पिअर-तास होतात. ८ ॲम्पिअर-तासाची बॅटरी एवढ्यात जवळजवळ रिकामी होते.

म्हणून बॅटरी काढूनच ठेवा. चावी बंद करा, आधी निगेटिव्ह वायर सोडा, मग पॉझिटिव्ह. हा क्रम उलटा करू नका. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला, की थेट शॉर्ट होतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी दिसली तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फडक्याने कोरडं करा. पाणी भरायच्या बॅटरीत सोड्याचा थेंबही आत जाऊ देऊ नका, झाकणं घट्ट लावूनच घासा.

त्या बॅटरीतली पातळी वरच्या आणि खालच्या रेघेच्या मधे हवी. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं पाणी नको, ॲसिड तर नकोच. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी घाला, बाकीचं चार्जिंग झाल्यावर.

चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा ठेवा: ८ ॲम्पिअर-तासाला ०.८ ॲम्पिअर. कारचा ५ ॲम्पिअरचा चार्जर एवढ्या लहान बॅटरीला तापवतो आणि आतलं पाणी उडवतो. आधी क्लिपा लावा, मग बटण सुरू करा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्यामुळे खोली हवेशीर हवी आणि देवघरातला दिवा किंवा गॅसची शेगडी जवळ नको. लिथियम बॅटरी असेल तर तिचाच चार्जर लागतो.

चार्जर काढल्यावर लगेच मीटर लावलात तर आकडा फुगलेला दिसेल. रात्रभर थांबा. पाण्याच्या बॅटरीला १२.६ ते १२.७, सीलबंद बॅटरीला १२.८ व्होल्टच्या आसपास मिळालं की ती भरली. मग घरात कोरड्या, थंड जागी ठेवा. महिन्यातून एकदा मीटर लावा आणि आकडा १२.५ च्या खाली गेला की पुन्हा चार्ज करा. आपोआप थांबून देखभाल करणारा मेंटेनर असेल तर तो लावून ठेवला तरी चालतो. साधा चार्जर मात्र आठवडाभर लावून ठेवू नका.

दर रविवारी पाच मिनिटं गाडी नुसती चालू करून ठेवण्याची सवय खूप जणांना आहे. ती सोडा. आयडलला चार्जिंग जेमतेम होतं, सेल्फने घेतलेलं भरून निघेलच असं नाही, आणि इंजिन पुरतं न तापल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. गाडी काढायचीच तर निदान अर्धा तास रस्त्यावर चालवा.

परत बसवताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. पाण्याच्या बॅटरीची वाफेची नळी जागेवर लावून खाली मोकळी सोडा. ती दबली किंवा निसटली तर ॲसिड चेनवर आणि चेसिसवर ठिबकतं. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी काही न जोडता दोन दिवसांत १२.४ च्या खाली आली, तर तिचा सेल गेलेला आहे. जुनी दुकानात जमा करून नवी घ्या.