बोटीचे डिझेल इंजिन सुरू व्हायला त्रास देते तेव्हा या चुका टाळा

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठी वसलेल्या अनेक पाड्यांना बाजार, दवाखाना आणि सरकारी कामे यांच्याशी जोडणारा रस्ता म्हणजे बोट होय. सकाळी बोटीचे इंजिन सुरू झाले नाही, तर दिवस भरलेली बाई आणि बाजाराला निघालेला माणूस दोघेही काठावरच अडकतात. अशा वेळी घाईने केलेल्या उपायांमुळे मूळचा किरकोळ दोष मोठ्या खर्चात बदलतो. म्हणून येथे बोटीच्या आत कायम बसवलेल्या डिझेल इंजिनाविषयी, म्हणजे इनबोर्ड इंजिनाविषयी लिहीत आहे.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक म्हणजे इंजिन घेत नसतानाही सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, मारत राहणे. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये दाबली गेलेली हवा इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. त्यासाठी इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, हवा नीट दाबली गेली पाहिजे आणि डिझेल ते फवारणाऱ्या नोझलपर्यंत पोहोचले पाहिजे. या तिन्हींपैकी एक गोष्ट कमी असेल, तर सेल्फ कितीही मारला तरी ती भरून येत नाही. उलट बॅटरी उतरते आणि सेल्फची वाइंडिंग तापून जळते. एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान एक मिनिट थांबावे. त्या मिनिटात इंजिन बंद करणारी स्टॉपची केबल पूर्ण मागे आली आहे का, टाकीचा कॉक उघडा आहे का आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, हे पाहून घ्यावे. अडकलेली स्टॉप केबल हे कारण इतके साधे आहे की मेकॅनिकसुद्धा ते शेवटी तपासतात.

सेल्फ मारत राहण्याचा बोटीत आणखी एक धोका असतो, जो जीप किंवा ट्रॅक्टर चालवून शिकलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. ज्या बोटींत इंजिन थंड करण्यासाठी जलाशयाचे पाणी आत घेतले जाते आणि तेच पाणी सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर टाकले जाते, तेथे सेल्फ फिरत असतानाही पाण्याचा पंप फिरत असतो. इंजिन सुरू झालेले नसल्यामुळे ते पाणी बाहेर ढकलण्याइतका धूर तयार होत नाही, सायलेन्सर हळूहळू भरतो आणि पाणी उलटे चढून एक्झॉस्ट व्हॉल्व्हमार्गे सिलिंडरमध्ये उतरते. पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताच पाण्यावर अडतो आणि जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दोन-तीन प्रयत्नांत इंजिन सुरू झाले नाही, तर पाणी आत घेणारा कॉक बंद करून पुढील प्रयत्न करावेत आणि इंजिनाने पकड घेतल्याबरोबर तो उघडावा. उघडायला विसरल्यास पंपातील रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) कोरडा फिरून थोड्याच वेळात फाटतो. सेल्फ एकदम ‘टक्’ आवाज करून थांबला, तर पुन्हा बटण दाबू नये. नोझल काढावेत, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे आणि ऑइल दुधाळ झाले असल्यास ते फिल्टरसह बदलावे. हे काम त्याच दिवशी झाले पाहिजे, कारण पाणी गोडे असले तरी सिलिंडर आणि रिंगांना गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. रेडिएटरवर चालणाऱ्या, कोरड्या सायलेन्सरच्या बोटींना हा धोका नसला, तरी पावसाळ्यात उघड्या सायलेन्सरमधून तसेच पाणी आत जाऊ शकते. त्यावर पत्र्याचे झाकण हवेच.

धुराकडे न पाहता हत्यारे काढणे ही दुसरी चूक. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण जळत नाही. थंडी, मंद फिरणारा सेल्फ, निकामी हीटर प्लग (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारी कांडी), घसरलेले कॉम्प्रेशन (हवेचा दाब) किंवा चुकलेले टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) अशी त्याची कारणे असतात. काळा धूर दिसल्यास आधी एअर क्लीनर उघडून पाहावा.

धूर येत नसेल, तर बहुतेक वेळा इंजिनाने एअर घेतलेली असते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरलेली असते. येथे अनेकांची दिशाभूल होते, कारण ते डिझेलची गळती शोधतात. टाकी आणि तिच्यातून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामधील भागात पंप डिझेल ओढत असतो. तेथे सैल क्लॅम्प, चिरलेला पाइप किंवा दबलेला कॉपर वॉशर असेल, तर डिझेल बाहेर न ठिबकता हवा आत शिरते. रात्रभरात पाइपातील डिझेल टाकीकडे परत उतरते. सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो आणि एकदा सुरू झालेले इंजिन नंतर दिवसभर नीट चालते, ही या दोषाची ओळख. शंका पक्की करण्यासाठी स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनापेक्षा वर धरून तेवढ्यापुरता थेट पाइप जोडावा. त्याने इंजिन लगेच सुरू झाले, तर दोष टाकीकडील पाइपातच आहे. एअर काढताना क्रम चुकवू नये: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, आणि शेवटी सेल्फ मारत नोझलचे नट. बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत घाई करू नये. नोझलच्या धारेसमोर हात तर कधीच धरू नये, कारण त्या दाबाने डिझेल कातडीच्या आत शिरते आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार गंभीर असते.

फुगवट्यावर डिझेल विकणारा पेट्रोल पंप दूर असल्याने डिझेल कॅनमध्ये आणून साठवले जाते, आणि अर्धा दोष तेथूनच सुरू होतो. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने ओल धरते, पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि त्या दोहोंच्या सीमेवर काळा बुळबुळीत थर वाढून फिल्टर तुंबवतो. कॅन एक रात्र स्थिर ठेवावा, बारीक गाळणीतून डिझेल ओतावे, तळाचे थोडे डिझेल कॅनमध्येच राहू द्यावे आणि फिल्टरखालील पाण्याचा नळ नियमित सोडावा.

बॅटरीबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीवर रात्री दिवे आणि मोबाइल चार्जिंग चालवू नये. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा खराब झाली आहे. आकडा चांगला असूनही सेल्फ कण्हत असेल, तर बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल आणि विशेषतः अर्थिंगची वायर घासून घट्ट करावी. बोटीच्या तळाशी कायम ओल असते आणि गंज नेमका तेथेच आधी धरतो.

सातपुड्याच्या दऱ्यांत डिसेंबर-जानेवारीची पहाट बरीच बोचरी असते. तेव्हा एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटती चिंधी धरणे किंवा ईथरचा स्प्रे मारणे हे उपाय केले जातात. तळाशी डिझेल-ऑइल साचलेल्या बोटीत पेटती चिंधी हा सरळ आगीला दिलेले आमंत्रण आहे. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथर मारल्यास ते वेळेआधीच भडकते आणि रिंगा किंवा पिस्टन फुटू शकतो. त्याऐवजी हीटर प्लगला इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ द्यावा, आणि हीटर प्लग नसल्यास रेडिएटरमध्ये गरम पाणी भरून इंजिनाला ऊब द्यावी.

खानदेशच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा, नेमकी उलट तक्रार येते: सकाळी एका झटक्यात सुरू होणारे इंजिन तापल्यावर बंद केले की पुन्हा घेत नाही. नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणाऱ्या जुन्या रोटरी पंपाचे आतले भाग झिजलेले असतात आणि गरम, पातळ झालेले डिझेल त्या फटींतून निसटते. पंपावर ओले फडके ठेवून तो निवल्यावर इंजिन सुरू झाले, तर निदान जवळपास झालेच. मात्र थंड पाणी भसाभस ओतू नये, कारण एकदम आकसलेला पंप जाम होऊ शकतो. अशा पंपाचे काम बोटीवर होत नाही, तो कॅलिब्रेशनच्या, म्हणजे पंप तपासून जुळवण्याच्या, बेंचवरच लावावा लागतो. उतरवण्याआधी पंप आणि इंजिन जेथे जोडलेले असतात त्या फ्लँजवर छिन्नीने एक सरळ खूण करून घ्यावी, म्हणजे परत बसवताना टायमिंग हलणार नाही.