ॲप्टने सॉफ्टवेअर टाकताय? या चुका टाळा

उबंटू-डेबियन या लिनक्स सिस्टमवर नवीन आलेल्यांचे ॲप्टचे (टर्मिनलमधून सॉफ्टवेअर टाकायचं-काढायचं टूल) तेच तेच प्रॉब्लेम दिसतात म्हणून एकदाच नीट लिहितोय. कमांड इथे देवनागरीत दिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाकायच्या.

"सुडो ॲप्ट अपडेट" (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्काने) मारलं म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट झालं असं नाही. त्याने फक्त सर्व्हरवर कुठल्या पॅकेजचं (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याचं) कुठलं व्हर्जन आहे ती यादी ताजी होते, नवीन व्हर्जन खरं येतं ते "ॲप्ट अपग्रेड"ने. उलटंही होतं, यादी महिन्यापूर्वीची आणि थेट इन्स्टॉल मारायचं, मग ४०४ (फाईल सापडली नाही) हा एरर येतो कारण ती जुनी फाईल सर्व्हरवर राहिलेलीच नसते.

आता सगळ्यात मोठी डोकेदुखी, "कुड नॉट गेट लॉक", म्हणजे दुसरी प्रोसेस आधीच पॅकेजं टाकतेय म्हणून ॲप्टला कुलूप मिळत नाही. मशीन चालू केल्या केल्या इन्स्टॉल करायला गेलं की हा बऱ्याचदा येतो, कारण मागे अनअटेंडेड अपग्रेड्स हा आपोआप चालणारा प्रोग्राम गुपचूप सिक्युरिटी अपडेट टाकत असतं, मेसेज नीट वाचला तर प्रोसेसचं नाव आणि नंबर तिथेच दिसतो. पण लोक मेसेज वाचत नाहीत, सरळ लॉक फाईलच डिलीट करतात. कृपा करून हे करू नका. दोन प्रोसेस एकदम डीपीकेजीच्या (ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं टूल) डेटाबेसमध्ये लिहायला लागल्या तर कुठलं पॅकेज अर्धवट राहिलं हेच कळत नाही. मी एकदा घाईत हे केलंय आणि पूर्ण संध्याकाळ निस्तरण्यात गेली. पाच-दहा मिनिटं थांबा, चहा घेऊन या, लॉक आपोआप सुटतं. इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली असेल तर "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए" आणि मग "सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल", बहुतेक वेळा एवढ्याने गाडी रुळावर येते.

ॲप्ट "पुढे जाऊ का?" विचारतं तेव्हा डोळे झाकून वाय (येस) दाबणं ही तर खरंच जीवघेणी सवय. वाय दाबायच्या आधी "विल बी रिमूव्ह्ड"खाली (काय काढलं जाणार ती यादी) काय लिहिलंय ते बघाच. २०२१ मध्ये पॉप ओएस या उबंटूवर आधारलेल्या सिस्टमवर स्टीम हे गेमिंगचं ॲप टाकताना पॅकेजांच्या गडबडीमुळे ॲप्ट अख्खा डेस्कटॉपच काढायला निघालं होतं, आणि त्याने बजावलंही होतं, "येस, डू ॲज आय से!" असं पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं होतं. ॲप्ट असं वाक्य मागतंय म्हणजे तिथेच थांबायचं. जुना पायथन नको म्हणून "पायथन३" काढायला जाणाऱ्यांचंही हेच होतं, डेस्कटॉपचे कितीतरी भाग त्याच्यावर उभे असतात.

पायथनवरून आठवलं, "सुडो पिप इन्स्टॉल" करू नका (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं टाकायचं टूल). डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून पिप स्वतःच "एक्स्टर्नली मॅनेज्ड" (हा पायथन सिस्टम सांभाळते) म्हणून अडवतं, तो अडथळा "ब्रेक सिस्टम पॅकेजेस" लावून उडवायचा नाही, व्हीएन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन फोल्डर) बनवायचं, एका मिनिटाचं काम आहे.

एवढं सगळं बरोबर करूनही सगळ्याच रेपोला (पॅकेजं जिथून येतात ते सर्व्हर) ४०४ येत असेल तर तुमचं व्हर्जन बघा. उबंटूच्या एलटीएसला (जास्त काळ सांभाळलं जाणारं व्हर्जन) ५ वर्षं सपोर्ट असतो, मधल्या व्हर्जनला फक्त ९ महिने, नंतर या मधल्या व्हर्जनची पॅकेजं ओल्ड-रिलीजेस नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर जातात. अशा वेळी रेपोचे पत्ते बदलत बसण्यापेक्षा डेटाचा बॅकअप घ्या आणि सरळ नवीन एलटीएस टाका.